पाइप समोरासमोर येत नाहीत तेव्हा: ओट्याखालच्या अडचणीत ड्रेनेजची जोडणी

ओट्यावरचं सिंक बदललं की खालचा हिशेब बिघडतो. जुनं सिंक ७ इंच खोल होतं, नवं ९ इंचांचं आलं. जाळी पूर्वी मधोमध होती, आता मागच्या कोपऱ्यात आहे. भिंतीतलं ड्रेनेजचं तोंड मात्र जिथल्या तिथे. ट्रॅपमधून (सिंकखालच्या ज्या फिटिंगमध्ये पाणी साचून राहतं आणि वास अडवतं, त्यातून) निघणारी नळी आणि हे तोंड यांच्यात दोन-तीन इंचांचा फरक पडतो, तोही तिरका. अशा वेळी कोरुगेटेड पाइप वाकवून तोंडात खुपसतात आणि वरून पुटी थापतात. काही महिने पाणी जातंही. मग त्याच्या वळ्यांमध्ये तेल आणि खरकटं धरतं, झोळ पडतो, आणि एक दिवस ट्रॉलीखाली पाणी दिसतं.

हा फरक नीट फिटिंग वापरून काढता येतो. त्यासाठी फोडाफोडी बहुतेक वेळा लागत नाही, पण मोजमाप लागतं. पाइप ताणून, दाबून किंवा तिरका घुसवून जोड केला, तर तो ताण जोडातच राहतो आणि पुढे गळतीही तिथूनच होते. म्हणून सगळी वळणं फिटिंगने घ्यायची आणि पाइप प्रत्येक सॉकेटमध्ये (फिटिंगच्या ज्या रुंद तोंडात पाइप बसतो त्यात) सरळच गेला पाहिजे.

आधी उंची मोजा, बाकी सगळं नंतर

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट नक्की करायची: पाणी खाली उतरतंय की त्याला वर चढावं लागतंय? जमिनीपासून मोजायला सुरुवात करा. समजा, ओट्याची उंची ८५० मिमी आहे. त्यातून सिंकची खोली २३० गेली, वेस्ट कपलिंगचे (जाळीखालच्या फिटिंगचे) ८० गेले आणि ट्रॅपच्या वरच्या नटापासून त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या मध्यापर्यंतचे ७० गेले. राहिले ४७०. म्हणजे ट्रॅपचं पाणी जमिनीपासून ४७० मिमीवर बाहेर पडतं. भिंतीतलं तोंड तिथून ४०० मिमी लांब असेल, तर १:४० च्या उतारासाठी (मीटरला २५ मिमी) १० मिमी हवेत. तोंडाचा मध्य ४६० किंवा त्याखाली असेल तर काम होईल.

तोंड ५०० वर असेल तर नाही होणार. कुठलाही बेंड, कुठलाही लवचीक पाइप पाण्याला ३० मिमी वर चढवून देणार नाही. चढवल्यासारखं दिसतं, कारण सिंकमधल्या पाण्याचा दाब ते ढकलतो. पण सिंक रिकामं झालं की तेवढं पाणी मागच्या नळीत साचून राहतं आणि त्यात तेल थिजत जातं. इथे तीनच मार्ग आहेत. एक, कपलिंग आखूड बॉडीचं घ्या. दोन, बॉटल ट्रॅप (बाटलीच्या आकाराचा) काढून पी-ट्रॅप (वळलेल्या नळीचा) लावा आणि त्याची उभी नळी गरजेपुरतीच ठेवा. पी-ट्रॅपचं बाहेर जाणारं तोंड बरंच वर घेता येतं, बॉटल ट्रॅपमध्ये ते बाटलीच्या मापाने ठरलेलं असतं. या दोन्हींतून मिळून ४०-५० मिमी निघू शकतात. तिसरा मार्ग म्हणजे भिंत फोडून तोंड खाली घेणं. पहिल्या दोघांनी भागत नसेल, तर फोडणं टाळू नका. टाळलेलं हे काम ट्रॉल्या बसल्यावर पुन्हा करावं लागतं.

उंची जमली की उरलेली दोन मापं घ्या: ट्रॅपच्या नळीचा मध्य तोंडाच्या मध्यापासून डावी-उजवीकडे किती सरकला आहे, आणि दोघांमध्ये समोरासमोर अंतर किती आहे. भिंतीवर पेन्सिलीने तोंडाच्या मध्यातून उभी रेघ मारा आणि ट्रॅपच्या नळीच्या मध्यावरून ओळंबा सोडा. नजरेने घेतलेलं माप ओट्याखाली हमखास चुकतं, कारण डोकं तिरकं असतं.

व्यास: '५० चा' आणि 'दीड इंची' एक नव्हेत

सांडपाण्याचे एसडब्ल्यूआर पाइप आयएस १३५९२ प्रमाणे बनतात आणि त्यांचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो: ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०. नळाच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपला दुकानात 'दीड इंची' म्हणतात. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. तो ५० मिमीच्या सॉकेटमध्ये सहज जातो, आणि तीच अडचण आहे: जवळजवळ पावणेदोन मिमीची फट सोल्युशनने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाने) भरत नाही. सव्वा इंचीची उलट गत. त्याचा व्यास ४२.२, म्हणून तो ४० च्या सॉकेटमध्ये जातच नाही.

जुना पाइप भिंतीतून जेमतेम दोन इंच बाहेर असेल आणि कॅलिपर पोहोचत नसेल, तर दोरा घ्या. पाइपभोवती एक वेढा, नखाने खूण, आणि दोरा टेपवर सरळ धरा. १५७ मिमी आला तर पाइप ५० चा, १५२ आला तर दीड इंची. मोठ्या पाइपला ३४५ च्या आसपास म्हणजे ११० चा एसडब्ल्यूआर; ३५९ म्हणजे ११४.३ व्यासाचा चार इंची. दोरा न ताणला जाणारा हवा, लोकरीचा नको.

पाइप भिंतीच्या आतच कापलेला असेल, तर आतला व्यास मोजा आणि आतून बसणारी रबरी बुश घ्या. बेसिनच्या बॉटल ट्रॅपची ३२ मिमीची क्रोमची नळी ४० किंवा ५० च्या तोंडात बसवायलाही हीच रबरी बुश लागते. नुसती नळी आत सोडून पुढे क्रोमचा फ्लँज सरकवला, की वरून छान दिसतं, पण आतली फट उघडीच असते. वास आणि झुरळं दोन्ही तिथूनच येतात.

दोन ४५ चे बेंड

समांतर पण सरकलेले दोन पाइप जोडायला दोन ४५ अंशांचे बेंड हे पहिलं उत्तर. काटकोनी एल्बोपेक्षा यात पाणी कमी अडतं, आणि ड्रेनेज साफ करायची स्प्रिंगही सहज फिरते.

हिशेब असा. समजा, भिंतीतलं तोंड ९० मिमी उजवीकडे आणि ४० मिमी खाली आहे. खरा सरक या दोन्हींचा कर्ण: ९० चा वर्ग ८१००, ४० चा वर्ग १६००, बेरीज ९७००, वर्गमूळ साधारण ९८.५. दोन बेंडच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे ९८.५ गुणिले १.४१४, म्हणजे १३९ मिमी. आता हातातला बेंड घ्या आणि त्याच्या मध्यापासून सॉकेटच्या आतल्या पायरीपर्यंतचं अंतर मोजा. ही पायरी म्हणजे पाइप जिथे टेकून थांबतो ती कड. हे अंतर कंपनीगणिक बदलतं. समजा, ते १६ भरलं. दोन्ही बाजूंचे ३२ वजा केले की तुकडा १०७ मिमीचा कापायचा. सॉकेटची खोली ३० असेल, तर त्यातला ४७ मिमीच बाहेर दिसेल. तुकडा चुकून आखूड कापला असं वाटेल, पण माप बरोबर आहे.

समोरासमोर जागाही मोजा. ४५ च्या जोडीला पुढच्या दिशेने सरकाइतकीच जागा लागते, म्हणजे ९८.५, शिवाय दोन्ही टोकांना मध्यापासून सॉकेटच्या तोंडापर्यंतचे ४६-४६. एकूण १९० मिमी. तुमच्याकडे १२० च असतील, तर तुकडा न घालता बेंडमध्ये बेंड बसवण्याचा विचार करा. एसडब्ल्यूआरचे बरेचसे बेंड एका बाजूला सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला साधं टोक असे येतात. एकाचं टोक दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये थेट जातं. यातून मिळणारा सरक मात्र ठरलेलाच असतो, म्हणून दुकानातच दोन बेंड एकमेकांत घालून पट्टीने मोजा.

तेही जमत नसेल तर दोन काटकोनी बेंड. यांची गंमत अशी, की एक बेंड दुसऱ्याभोवती फिरवून सरक कुठल्याही दिशेला घेता येतो आणि पुढच्या दिशेने जागा सर्वांत कमी लागते. पण दोन तीव्र वळणं लागोपाठ आल्यावर खरकटं तिथेच अडकणार, म्हणून त्यातला एक दाराचा बेंड (साफ करायला उघडतं झाकण असलेला) घ्या. त्याचं दार तुमच्या हाताकडे आणि पाइपच्या वरच्या अंगाला आलं पाहिजे. भिंतीकडे तोंड केलेलं दार काय कामाचं? एसडब्ल्यूआरचा 'काटकोनी' बेंड खरा ८७.५ अंशांचा असतो, उतार त्यातच धरलेला असतो. तो उलटा बसला, तर तेवढाच उतार तुमच्या विरुद्ध जातो.

कोरडी जुळणी फसवते

कोरडं लावून पाहिलं तेव्हा सगळं जुळलं, सोल्युशन लावल्यावर दोन सुतांनी चुकलं. ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचं कारण साधं आहे. सेलफिटचं, म्हणजे सोल्युशनने चिकटवायचं, सॉकेट आत निमुळतं होत जातं. कोरडा पाइप त्यात अर्ध्या-पाऊण खोलीपर्यंतच जातो. सोल्युशनने प्लास्टिक मऊ झालं की तो पायरीला टेकेपर्यंत आत सरकतो. चार सॉकेट असतील आणि प्रत्येकात ८ मिमी जास्त आत गेला, तर सगळी जोडणी ३२ मिमीने आखूड होते.

म्हणून माप कोरड्या जुळणीवरून घ्यायचं नाही. प्रत्येक सॉकेटची खोली काडी घालून मोजा आणि पाइपवर तेवढ्या अंतरावर मार्करने गोल खूण करा. कोरड्या जुळणीचा उपयोग फक्त बेंड कुठल्या दिशेला किती फिरवायचा हे ठरवण्यासाठी. दिशा जमली की पाइप आणि बेंड दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा. सोल्युशन लावल्यावर काही सेकंदच मिळतात. तेव्हा रेघेला रेघ जुळवायची, पायरीपर्यंत दाबायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. सोडलं तर निमुळतं सॉकेट पाइपला मागे ढकलतं.

काप काटकोनात हवा. कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून तिची कड कडेवर जुळवली की हॅक्सॉला सरळ रेघ मिळते. आतला बूर चाकूने काढा, नाहीतर भाताची शितं तिथेच अडकतात. बाहेरची कड कानशीने थोडी उतरती करा. आणि ओट्याखाली डोकं घालून सोल्युशन लावायचं असेल, तर खिडकी उघडी आणि शेगडी बंद. त्याची वाफ पेट घेते.

शेवटचा तुकडा कसा घालायचा?

दोन्ही टोकं पक्की आहेत, मध्ये १८० मिमीची मोकळी जागा आहे. तुकडा दोन्हीकडच्या सॉकेटमध्ये जाणार कसा? एका बाजूला घालायला दुसरी बाजू मागे सरकावी लागते, आणि ती सिमेंटमध्ये आहे. इथेच पाइप वाकवून, खेचून बसवायचा मोह होतो.

यासाठी आत पायरी नसलेला कपलर मिळतो. दुकानात 'स्लिप कपलर' किंवा 'रिपेअर सॉकेट' मागा, आणि हातात घेऊन आत बोट फिरवून पायरी नाही ना, हे बघा. तुकडा १७५ मिमीचा कापा. दोन्हीकडे एकेक कपलर आधी पूर्ण जुन्या पाइपवर सरकवा, तुकडा जागेवर धरा, मग कपलर अर्धा परत तुकड्यावर ओढा. मधोमध आला की नाही हे कळायला दोन्ही पाइपांवर आधीच खुणा हव्यात. जुना पाइप कपलरच्या पूर्ण लांबीएवढा मोकळा आणि स्वच्छ लागतो. त्यावर सिमेंटचे शिंतोडे असतील, तर ते पॉलिश पेपरने काढा.

हा कपलर रिंगफिटचा, म्हणजे सोल्युशनऐवजी रबरी रिंगचा, घेतला तर घाई नसते. साबणाचं पाणी लावा, तेल लावू नका, कारण तेलाने रबर फुगतं. पायरी असलेल्या रिंगफिट फिटिंगमध्ये पाइप पायरीला टेकवून साधारण १० मिमी मागे घ्यायचा असतो, गरम पाण्याने तो लांबतो म्हणून. आणखी एक फायदा: रिंगफिटचा जोड नंतरही फिरवता येतो. जिथे शेवटच्या क्षणी दिशा थोडी बदलावी लागेल असं वाटतं, तिथे एक जोड रिंगफिटचा ठेवाच.

ट्रॅपच्या बाजूला नटाचा जोड असतो. त्यातला निमुळता वॉशर उलटा घालण्याची चूक फार होते. बारीक बाजू फिटिंगच्या तोंडात, जाड बाजू नटाकडे. नट हाताने घट्ट, मग पाव फेरी, बस. पान्याने पिळलेला प्लास्टिकचा नट चिरतो आणि ती चीर दिसत नाही. नळी तिरकी शिरत असेल, तर नट आवळून ती सरळ होत नाही. वॉशर एका बाजूने चेपला जातो आणि दुसऱ्या बाजूने पाणी येतं.

जुना बिडाचा पाइप आणि रबरी कपलिंग

जुन्या इमारतींत उभी लाइन बिडाची असते आणि घरातला पाइप पीव्हीसीचा. या दोन्हींच्या जोडाला सोल्युशन चालत नाही, आणि सिमेंट भरलेला जोड पीव्हीसी गरम-थंड झाला की सुटतो. दोन्हीकडे स्टीलची क्लिप असलेलं जाड रबरी कपलिंग इथे योग्य. वेगवेगळ्या व्यासांसाठी ते दोन तोंडांचं मिळतं. त्यासाठीच वर सांगितलेलं दोऱ्याचं माप दोन्ही पाइपांचं घेऊन जा. बिडाचा गंज तारेच्या ब्रशने काढा. खपल्यांवर रबर बसत नाही. अडचणीच्या जागी क्लिपचा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने आवळू नका, तो निसटतो. लहान बॉक्स पाना घ्या आणि क्लिप लावतानाच स्क्रूचं डोकं आपल्याकडे फिरवून ठेवा.

रबर वाकतं म्हणून त्याने सरक झाकायचा नसतो. दोन पाइपांचे मध्य एका रेषेत नसतील, तर रबरावर सतत कातर पडते आणि खालच्या बाजूला पायरी तयार होते. आधी बेंडने पाइप समोर आणा, मग रबर. दोन्ही बाजूंना क्लॅम्पचा आधार द्या. आडव्या ५० च्या पाइपला दर अर्ध्या मीटरवर एक.

कोरुगेटेड पाइप कधी चालेल

तो लांबीला आखूड, पूर्ण ताणलेला, सतत उतारावर आणि हात पोहोचेल असा असेल तरच. हाताने काढून धुता आला पाहिजे. ट्रॉलीच्या मागे, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा भिंतीत कधीच नाही. त्याला वेटोळं देऊन, टायने बांधून 'ट्रॅप' करतात, ते तर नकोच: टाय सैल पडला की सील (वास अडवणारं साचलेलं पाणी) गेला. उकळतं पाणी त्यातून थेट ओतलं, तर तो मऊ होऊन झोळतो. साध्या पीव्हीसीलाही उकळतं पाणी सोसत नाही. बटाटे उकडल्यावर भांड्यातलं पाणी ओतताना सोबत थंड नळ सोडा. आणि जिथे घुशी-उंदरांचा त्रास आहे, तिथे हा पातळ पाइप कुरतडला जाणारच.

ट्रॅपचं पाणी टिकलं पाहिजे

ट्रॅपमध्ये ५० मिमी पाण्याचा सील हवा. सरक काढताना तो बिघडवणारी चूक अशी: ट्रॅपमधून निघाल्याबरोबर पाइप एकदम खाली सोडणं. खाली धावणारं पाणी मागचं पाणी ओढून नेतं, शेवटी 'घुर्र' आवाज येतो आणि सील रिकामा. ट्रॅपनंतर पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट लांबी आडवी ठेवा, आणि उभ्या पाइपपर्यंतच्या आडव्या भागाचा एकूण उतार पाइपच्या व्यासापेक्षा जास्त होऊ देऊ नका. ४० च्या पाइपला १:४० ने हे साधारण १.६ मीटरला येतं.

सिंकचं पाणी बाहेर नहाणी ट्रॅपमध्ये पडत असेल, तर पाइपचं टोक जाळीखाली पण पाण्याच्या पातळीच्या वर सोडा. टोक पाण्यात बुडालं तर दोन सीलच्या मध्ये हवा कोंडते आणि सिंक गुटगुट करत हळूहळू उतरतं. लोक चोकअप समजून ॲसिड ओततात, आणि टोक दोन इंच कापायचं राहूनच जातं.

कमोडचा फरक

एस-ट्रॅप कमोडमध्ये (ज्याचं तोंड जमिनीत उतरतं) भिंतीच्या टाइलपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर बहुधा ९ किंवा १२ इंच धरलेलं असतं. टाइल लागल्यावर मोजा. प्लास्टर आणि टाइलमध्येच एक-दीड इंच जातो. फरक २०-४० मिमीचा असेल, तर ऑफसेट पॅन कनेक्टर लावता येतो. त्याची दोन तोंडं एकमेकांपासून सरकलेली असतात. पी-ट्रॅप कमोडला (ज्याचं तोंड भिंतीत जातं) तो बाजूला किंवा खाली फिरवायचा, वर कधीच नाही. कमोड ९ इंची आणि पाइप १२ वर असेल, तर कमोड भिंतीपासून ३ इंच पुढे येईल, एवढंच. उलट असेल, म्हणजे कमोड १२ चा आणि पाइप ९ वर, तर टाकी भिंतीत जाईल. तिथे कमोडच बदला. ३ इंचांची चूक पांढऱ्या सिमेंटने भरून काढू नका. कमोडवर बसणाऱ्याच्या वजनाने ते तडकतं आणि वास सुटतो.

तपासणी

सेलफिटचे जोड काही तास तसेच राहू द्या. शक्य असेल तर रात्रभर. मग सिंकला बूच लावून काठोकाठ भरा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, मग बूच एकदम काढा. थेंबभर पाझरही कागदावर दिसतो, बोटाला मात्र जाणवत नाही. पुन्हा भरताना पाणी कोमट घ्या, कारण पाइप लांबल्यावरच काही जोड बोलतात. शेवटी टॉर्च लावून ट्रॅपच्या पुढच्या आडव्या पाइपवर पाणसळ ठेवा. बुडबुडा ट्रॅपच्या बाजूला, म्हणजे उंच टोकाकडे, झुकलेला हवा. तो मधोमध असेल तर क्लॅम्प आवळून टाकण्याआधीच भिंतीकडचं टोक दोन सूत खाली घ्या. त्यानंतर ट्रॉल्या बसवायला हरकत नाही. पण ट्रॅपसमोरची फळी स्क्रूने बसवा, फेव्हिकॉलने चिकटवू नका.